रिकाम्या पडद्याचे चाचा

आमच्या ऑफिसात कुणी ‘नाही’ म्हटलं की चाचांचा प्रश्न ठरलेला असे. “बघून म्हणताय, का न बघता?”

साखर नाही म्हणा, लाईट नाही म्हणा, सुट्टे नाहीत म्हणा, प्रश्न हाच. एकदा चहावाल्याने खालूनच ओरडून सांगितलं की आज दूध नाही. चाचा जिना उतरून गेले, त्याला पातेलं उघडायला लावलं, आत डोकावले आणि वर येऊन जाहीर केलं, “खरंच न्हाई.” मग शांतपणे कोरा चहा प्यायले. कोरा चहा त्यांना अजिबात आवडत नसे. पण चौकशी करून मिळालेला असला की चालायचा.

जुन्नरच्या बाजारपेठेत, खत-औषधांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. आम्ही मोबाईलची ॲप बनवायचो. मी प्रोग्रॅम लिहायचे, चाचा ते तपासायचे आणि मालक या दोन्ही गोष्टींना उशीर का होतो म्हणून विचारायचे. चाचांचं आधी टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, मग मोबाईल दुरुस्तीचं. मालकांनी एकदा त्यांच्याकडे फुटलेला फोन नेला. चाचांनी काच बदलून दिली आणि सोबत त्या फोनातल्या आमच्याच ॲपमध्ये काय काय बिघडलंय तेही, गिऱ्हाइकं उभी असताना, मोठ्या आवाजात ऐकवलं. त्यांचं तोंड बंद करण्याचा स्वस्त उपाय म्हणून मालकांनी त्यांना नोकरीवर ठेवलं. तोंड बंद झालं नाही, फक्त ते आमच्या ऑफिसात आलं.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्यांचे पूर्वज जुन्नरी कागद बनवणारे. ही गोष्ट ते कुठल्याही वादात, अगदी भजी गार असल्याच्या वादातसुद्धा, मध्ये आणत. “आमच्या खानदानानं पिढ्यान्‌पिढ्या कोरा कागद विकलाय, पोरी. कोऱ्याचं मला शिकवू नकोस.” मी बराच काळ भारावून ऐकायचे. मग एकदा त्यांच्या घरी गेले असताना चाचींनी सांगितलं, “यांच्या आजोबांचं सायकलचं दुकान होतं. कागद बनवताना यांनी जन्मात कुणाला बघितलेलं नाही.”

त्यांचा सगळा राग रिकाम्या पडद्यावर होता. तो राग काय होता ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मोबाईलवर एखादी यादी दाखवायची असते, समजा बाजारभावांची. ॲप आधी मोजतं, यादीत किती नावं आहेत? शून्य असतील तर ‘काहीही नाही’ अशी पाटी लावतं. आता यादी दूर कुठल्या तरी संगणकावरून यायची असते. ती येईपर्यंत शून्यच असते. वाटेत रेंज गेली तरी शून्यच. आणि खरोखर काही नसलं तरी शून्यच. आमचं ॲप तिन्ही वेळेला तीच पाटी लावायचं, कारण मालकांनी त्याचा सांगाडा कुठून तरी तयार विकत आणला होता आणि तो तसाच होता.

“अजून बघितलं न्हाई, बघायला जाता आलं न्हाई आन बघितलं पण काय न्हाई,” चाचा माझ्या टेबलावर बोट आपटून म्हणायचे, “ह्या तीन गोष्टी हायेत का एक?”

“तीन,” मी म्हणायचे.

“मग तुजं ॲप एकच का बोलतं?”

माझं ॲप नव्हतं ते, पण चाचांना हे सांगण्यात अर्थ नव्हता. ते टीव्हीच्या जमान्यात शिरायचे. “पडद्यावर मुंग्या आल्या की माणसाला कळायचं, अँटेना हलली. माणूस पत्र्यावर चढायचा. ‘व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत’ अशी पाटी आली की कळायचं, आपली चूक न्हाई, मुंबईवाल्यांची हाय. माणूस जेवून घ्यायचा. आन तुमी? तुमी दिलगीर पण न्हाई, मुंग्या पण न्हाई. थेट न्हाई म्हणता!”

रेंज नसताना ॲप काय करतं हे तपासायला ते खालच्या दुकानाच्या तळघरातल्या गोदामात जायचे. फोनमधली रेंज बटण दाबून बंद करता येते, हे मी त्यांना अनेकदा दाखवलं. त्यांना ते पटत नसे. “बटण दाबून उपास व्हतो का?” असं म्हणून ते गंधकाच्या पोत्यांवर जाऊन बसत आणि खालून ओरडत, “आलं बघ! न्हाई म्हणतंय!” खाली खत घ्यायला आलेले शेतकरी दचकून वर बघत. दुकानदाराने मालकांकडे तक्रार केली की तुमचा माणूस तळघरातून ‘न्हाई, न्हाई’ म्हणून ओरडतो आणि माझं गिऱ्हाईक जातं.

घरीही हाच तमाशा. चाचींनी विचारलं, तांदूळ आहेत का, तर हे विचारणार, “डबा उघडायचाय, का डबा सापडत न्हाई, का डबा रिकामा हाय?” चाचींनी एकदा तो डबा त्यांच्या मांडीवर आणून ठेवला आणि त्या माहेरी, म्हणजे पलीकडच्या गल्लीत, निघून गेल्या. चाचा सांगायचे, “दोन जेवणं बाहेर केली. पण डबा रिकामा नव्हता.”

मालकांच्या केबिनवर एक सरकती पाटी होती. एका बाजूला ‘आहेत’, दुसऱ्या बाजूला ‘नाहीत’. मालक वसुलीवाले आले की आत बसून पाटी ‘नाहीत’वर सरकवायचे. चाचांनी कागद चिकटवून तिसरा शब्द लिहिला, ‘माहीत नाही’. त्यावरून झालेल्या भांडणात त्यांची नोकरी गेली. पण ते नंतर, मी पुण्याला आल्यावर. मला त्यांचा भयंकर राग यायचा. संध्याकाळी पाचला घरी जायला बॅग उचलावी आणि यांनी म्हणावं, “एक बारीक गोष्ट राहिली.” आता पुण्याच्या ऑफिसात सगळे वेळेवर घरी जातात, कुणी कुणाच्या टेबलावर बोट आपटत नाही आणि मला त्यांची फार आठवण येते.

तर ते ॲप. आमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे लग्नाच्या स्थळांचं ॲप, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांपुरतं. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत, त्यामुळे नावनोंदणी जोरात होती. मुलाने एखाद्या मुलीला पसंती कळवायची. मुलीकडून होकार आला तर तो मुलाच्या ‘आलेले होकार’ या यादीत दिसायचा. यादी रिकामी असली की मालकांच्या आवडीचं एक चित्र यायचं. मुंडावळ्या बांधलेला, गालावर टपोरा अश्रू असलेला नवरदेव, आणि खाली ‘आपल्याला अजून एकही होकार आलेला नाही’. मालकांना ते चित्र लई भारी वाटायचं.

चाचा त्या रडक्या नवरदेवावर तुटून पडले. बाजारभावाचं एक वेळ चालेल, म्हणाले, पण हे नाही. “आपल्याकडं बघायचा कार्यक्रम झाला की काय म्हणतात? कळवतो म्हणतात. आन मग काय करतात?”

“कळवत नाहीत,” मी म्हणाले.

“तोच नकार. तोंडानं कोण न्हाई म्हणत न्हाई. गप बसतात, आन समोरचा समजतो. मुसलमानात पण हेच, हिंदूत पण हेच. मग ज्या मुलखात गप बसणं म्हंजी नकार, तितं तुजं ॲप रेंज गेली म्हणून गप बसलं, तर समोरच्यानं काय समजायचं?”

मालक म्हणाले, “चाचा, दोन-तीन सेकंदांचा प्रश्न आहे. यादी येतेच मागून.”

“जुन्नरात येते,” चाचा म्हणाले.

मग एका दुपारी बेल्ह्याहून फोन आला. एका मुलीचे वडील होते. चाचांनी उचलला. मला पलीकडचा आवाज टेबलावरून ऐकू येत होता. “तुमच्या ॲपवरची पोरं नुसती खेळ करत्यात. माज्या पोरीनं होकार दिल्याला दीड महिना झाला. मुलाकडनं साधा फोन न्हाई. काडा पोरीचं नाव!” आणि फोन आपटला.

चाचांनी माझ्या संगणकावर मुलगा शोधायला लावला. तळेघरचा होता. भात आणि नाचणीची शेती, घरी आई. बाकीची पोरं आपल्या माहितीत ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’ वगैरे लिहितात. याने लिहिलं होतं, ‘गावात रेंज नाही. बस कमी आहेत, चालावं लागतं. पावसात लई चिखल असतो. बाकी सगळं चांगलं आहे.’ घोडेगावला पंचायत समितीत काही कामाला आला असताना त्याने तिथून या मुलीला पसंती कळवली होती. तिचा होकार आमच्याकडे पोचला होता. त्याच्या फोनवर तो एकदाही उतरला नव्हता. आणि तो पोरगा रोज संध्याकाळी ॲप उघडत होता. उघडल्याची नोंद तेवढी आमच्यापर्यंत यायची, यादी उतरायच्या आत रेंज जायची.

“रोज,” चाचा म्हणाले. “रोज त्यो रडका बघायला येतो.”

मालकांनी साफ सांगितलं, कुठेही जायचं नाही. आपलं ॲप खोटं बोललं असं गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन सांगणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. चाचा बरं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्कूटरवर मागे बसवून बेल्ह्याला निघाले. मला नेलं ते मुलीच्या घरी जायचं तर सोबत बाईमाणूस असावं म्हणून. चाचींनी येत नाही म्हणून सांगितलं होतं, बघून.

नेमका बाजाराचा दिवस. बैल, शेळ्या आणि टेंपोंतून वाट काढत आम्ही घर शोधलं. मुलीचे वडील, आप्पा, नुकतेच बाजारातून येऊन ओट्यावर पाय धूत होते.

“या पावणं. कुठनं आलात?”

“ॲपमधनं,” चाचा म्हणाले.

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. “आता काय राह्यलंय? नाव काडा म्हणलं व्हतं ना?”

“काढू. आदी माफी मागायचीय. तुमच्या पोरीचा होकार त्या मुलाला दिसलाच न्हाई. आमच्या ॲपनं त्याला सांगितलं, काय आलं न्हाई म्हणून. खोटं सांगितलं.”

“मग त्यानं फोन करून इचारायचं!”

“होकारच आला न्हाई म्हणल्यावर कोण इचारतंय आप्पा? तुमी इचारलंत?”

“पोरीच्या बापानं कसं इचारायचं?”

“बरोबर,” चाचा म्हणाले. “आन त्यानं तरी कसं?”

आप्पांनी पाय पुसले. मग म्हणाले, आता उशीर झालाय, येत्या रविवारी सुपारी फुटायचीय, पुण्याचं स्थळ आहे, फ्लॅट आहे.

“फ्लॅट मावशीचा हाय,” आतून आवाज आला. “मी इचारून घेतलंय.” मुलगी बाहेर आली. आळेफाट्याला एका दवाखान्यात नर्स होती, ड्युटीवरून आलेली, अजून पांढरी चप्पल पायात. तिने वडिलांकडे बघितलंच नाही. सरळ चाचांना विचारलं, “तुमी भेटलात त्यांना? ते अजून तयार हायेत?”

इथे जगातला कुठलाही शहाणा माणूस हो म्हणाला असता. मी चाचांना कोपराने ढोसलंसुद्धा. रविवारची सुपारी थांबवायची तर एक ‘हो’ पुरेसं होतं, बाकीचं नंतर निस्तरता आलं असतं.

“म्हाईत न्हाई,” चाचा म्हणाले. “रोज संध्याकाळी उगडून बघतात एवढं म्हाईत हाय. तयार हायेत का, ते अजून बघितलं न्हाई. आधी तुमच्याकडं आलो.”

मी कपाळाला हात लावला. मुलगी मात्र त्यांच्याकडे बघतच राहिली. मला वाटतं, कित्येक महिन्यांत तिला स्थळांच्या बाबतीत असं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं. तिने आमच्याकडून नंबर घेतला आणि तिथेच फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. परत तेच.

“बघ,” आप्पा म्हणाले. “लागत न्हाई. सोड आता त्यो नाद.”

“लागत न्हाई म्हंजी ते न्हाई म्हणत्यात आसं कुठं हाय?” मुलगी म्हणाली.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. पोरगी दहावीला पहिली आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“आप्पा, टेंपो काडा,” मुलगी म्हणाली.

“आगं, पोरीनं मुलाच्या दारात जायाचं? लोक शेण घालतील तोंडात.”

“घर बघायला पोरीकडचे जात्यातच की. घर बघायला गेलो म्हणायचं.”

तेवढ्यात मुलीची आई आतून पदर खोचत आली आणि म्हणाली, रविवारच्या आत काय तो सोक्षमोक्ष लागू द्या, मला पोरीचं तोंड बघवत नाही. आप्पांनी किल्ली घेतली.

पुढे आप्पा, मुलगी आणि मी. मागे उघड्या टेंपोत, सकाळी बाजारात नेलेल्या शेळ्यांच्या लेंड्यांमध्ये, एका क्रेटवर चाचा. आप्पा अख्ख्या रस्त्याला शिव्या देत होते. मला एकच भीती होती. त्या पोराने कंटाळून दुसरीकडे जमवलं असलं तर? रोज ॲप उघडतो म्हणजे आपल्याचसाठी उघडतो कशावरून? मग या मुलीने बापाला तोडून, पुण्याचं स्थळ टांगून, ज्या दारात जायचं तिथे तिची शोभा होणार होती, आणि ती आम्ही केलेली.

घोडेगावला चहाला थांबलो तेव्हा मी चाचांना गाठलं. “तो नाही म्हणाला तर?”

“तर न्हाई,” ते म्हणाले. “पन माणसाच्या तोंडचं न्हाई.” एवढं बोलून त्यांनी बशी तोंडाला लावली, तर चहा दाढीवर सांडला. चाचांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि माझा त्यांच्यावरचा सगळा राग तिथेच गेला.

घोडेगाव सोडलं, घाट लागला, फोनवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून गेल्या. तळेघरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. विचारत विचारत घर सापडलं. अंगणात मुलाची आई नाचणी पाखडत होती. एवढी माणसं टेंपोतून उतरलेली बघून ती उठून उभी राहिली.

“पोरगा कुठाय, माई?” चाचांनी विचारलं.

“रेंजला गेलाय.”

“म्हंजी?”

“त्या तितं वर, खडकावर. रोज जातो दिस कलला की. फोनात काय बगतो त्याचं त्यालाच ठावं. इचारलं तर बोलत न्हाई.” आणि मग मुलीकडे निरखून बघत ती म्हणाली, “तुमी बसा की. पानी देते.”

आप्पा बसले. मुलगी बसली नाही. तिने तिकडे मान वळवली. वर खडकावर एक माणूस पाठमोरा उभा होता, उजवा हात आभाळात उंच आणि हातात फोन. ती चालायला लागली. पांढऱ्या चपलेने, ढेकळांतून, बांधावरून, मागे न बघता. चाचा धापा टाकत तिच्या मागे आणि मी चाचांच्या मागे.

पावलं वाजली तरी तो वळला नाही. गावातलंच कुणी रेंजला आलंय असं त्याला वाटलं असणार.

“थांबा वाईच,” तो म्हणाला, “हितं उभं राह्यलं की येती कदी कदी.”

चाचांनी दम खाल्ला आणि विचारलं, “काय दिसतंय का, भाऊ?”

“न्हाई वो,” तो फोनकडेच बघत म्हणाला. “अजून काय आलं न्हाई.”

“आले की,” मुलगी म्हणाली.

तो वळला. फोटोतला चेहरा त्याने ओळखला, ते मला मागूनही कळलं. हात तसाच वर राहिला. चाचांनी माझी ओढणी धरून मला मागे खेचलं, आणि आम्ही दोघं उगाचच खालची भाताची खाचरं बघत उभे राहिलो. मागून तिचा आवाज आला, दवाखान्यात पेशंटला सांगावं तसा, हळू.

“हात घ्या आता खाली. दुखला आसंल.”